डबीवरचा वॅट आणि मोजलेला वॅट

ऑनलाइन बाजारातून २.४ गिगाहर्ट्‌झचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मागवला, की तळहातावर मावेल एवढी अ‍ॅल्युमिनियमची डबी घरी येते. तिच्यावर ‘८ वॅट’ असे ठसठशीत छापलेले असते. हॅम रेडिओचा छंद असलेला माणूस ती आपल्या संचाला जोडतो आणि पहिल्याच संभाषणात पलीकडच्याला सांगून टाकतो, ‘इकडून आठ वॅट येताहेत.’ तो खोटे बोलत नसतो, त्याने फक्त मोजलेले नसते. त्या डबीतून प्रत्यक्षात दोन वॅट बाहेर पडत असतील किंवा तीन. उलटही घडते. भंगारातून आणलेल्या, कधीकाळी मोबाइल टॉवरवर राबलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर काहीच छापलेले नसते. ‘असतील पाच-दहा वॅट’ असे मालक म्हणत असताना तो पन्नास वॅट ओतत असतो.

मूठभर हौशी माणसांच्या या हिशेबाशी इतरांचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण रेडिओलहरींच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा मोबाइल टॉवरची असो, वाय-फायची असो वा शेजारच्या गच्चीवरच्या डिशची, तिचे गणित सुरू होते ते वॅटपासून. तो पहिला आकडाच अंदाजपंचे असेल, तर पुढची भीतीही पोकळ आणि ‘काही होत नाही हो’ हा दिलासाही पोकळ. म्हणून मायक्रोवेव्ह अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती मोजणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी मानायला हवी आणि मोजलेला प्रत्येक आकडा त्यातल्या संभाव्य चुकीसह सांगण्याची सवय लागायला हवी.

छंद छोटा, लहरी त्याहून छोट्या

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, परीक्षा देऊन, स्वतःच्या संचावरून जगाशी बोलण्याचा छंद. त्यातले बरेच जण लांब लहरींच्या पट्ट्यांत रमतात. काही जण मात्र मायक्रोवेव्हकडे वळतात. २.४ गिगाहर्ट्‌झला लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, तर १० गिगाहर्ट्‌झला जेमतेम तीन. एवढ्या आखूड लहरी छोट्या डिशनेही एका दिशेला नेमक्या वळवता येतात आणि इथेच या छंदाची खरी गंमत सुरू होते.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी कतारचा ‘एस्‌हेल-२’ हा दूरसंचार उपग्रह अवकाशात गेला. त्यावर हौशी रेडिओसाठी स्वतंत्र ट्रान्सपॉन्डर आहेत. भूस्थिर कक्षेत हौशी मंडळींना मिळालेली ही पहिलीच सोय. उपग्रह २५.९ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. पुण्या-मुंबईतून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३२-३३ अंश उंचीवर येतो. त्याच्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलायचे आणि १०.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास ऐकायचे. संभाषणासाठी ७५ सेंटिमीटरची डिश आणि पाचेक वॅटची कमाल शक्ती पुरते, असे त्याच्या आखणीतच गृहीत धरलेले आहे. ट्रान्सपॉन्डरची शक्ती सगळ्यांत वाटून जात असल्याने एखाद्याने फार जोर लावला, की बाकीच्यांचा आवाज दबतो. म्हणून ‘लैला’ नावाची यंत्रणा त्यावर नजर ठेवते आणि मर्यादा ओलांडणाऱ्याच्या संदेशावर चक्क भोंगा वाजवते. ‘माझे तर पाचच वॅट आहेत’ म्हणणाऱ्या अनेकांना आपला आकडा चुकीचा असल्याचे आकाशातून कळते, ते असे.

काही जण तर चंद्रावर लहरी आदळवून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतात. जुलै १९६० मध्ये अमेरिकेतल्या दोन हौशी गटांनी १२९६ मेगाहर्ट्‌झवर असा पहिला दुतर्फा संपर्क साधला. पाठवलेली लहर चंद्रावरून परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात आणि १० गिगाहर्ट्‌झवर ती जाऊन-येऊन सुमारे २८९ डेसिबलने क्षीण होते. दहामागे २८ शून्ये लागतील एवढ्या पटीने. अशा ठिकाणी डबीवर काय छापले आहे याला चंद्र भीक घालत नाही. आठ वॅट समजून प्रत्यक्षात दोनच वॅट पाठवणारा महिनोन्‌महिने डिशला, केबलला, हवामानाला दोष देत बसतो.

मोजायचे कसे? स्वयंपाकघरातून सुरुवात

विजेचा दाब व्होल्टमीटरने मोजतात, प्रवाह अ‍ॅमीटरने. मायक्रोवेव्हला हे जमत नाही. सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलणारा प्रवाह तारेच्या प्रत्येक इंचावर वेगळा असतो. मीटरच्या दोन तारा जोडल्या तर त्या ताराच अँटेना होऊन बसतात. मग भरवसा ठेवायचा कशावर? उष्णतेवर. शक्ती कोणत्याही रूपात आली, तरी ती पूर्ण शोषून घेतली की तेवढीच उष्णता निर्माण होते.

हे स्वयंपाकघरात पाहता येते. मायक्रोवेव्ह ओव्हनची शक्ती तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एक किलो पाणी तापवून त्याचे तापमान किती वाढले हे पाहतात. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४,१८७ ज्यूल लागतात. एका मिनिटात दहा अंश वाढ झाली, तर ओव्हनने सेकंदाला सुमारे ७०० ज्यूल, म्हणजे ७०० वॅट पाण्यात ओतले. हिशेब सोपा आहे. मात्र याच प्रयोगात मोजमापातली पहिली मेखही सापडते. थर्मामीटर एका अंशाने चुकला, तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकते. पाणी ढवळले नाही, भांडे स्वतः किती तापले हे धरले नाही, तर आणखी. म्हणजे प्रामाणिक उत्तर ‘७०० वॅट’ असे नसून ‘६०० ते ८०० च्या दरम्यान, बहुधा ७०० च्या आसपास’ असे असते.

अचूक प्रयोगशाळाही याच तत्त्वावर चालतात, फक्त त्या एक शहाणपण करतात. मायक्रोवेव्हने तापलेली वस्तू तेवढीच तापवायला साधी बॅटरीची वीज किती लागते, हे त्या पाहतात. बॅटरीची वीज कमालीच्या अचूकतेने मोजता येते. म्हणून अवघड गोष्टीची तुलना सोप्या गोष्टीशी करायची. जुन्या थर्मिस्टर सेन्सरमध्ये तर ही तुलना आपोआप होते. मायक्रोवेव्ह आली की सेन्सर तापू लागतो, आतले सर्किट त्याला मिळणारी बॅटरीची वीज तेवढ्याच प्रमाणात कमी करते आणि जेवढी कमी केली तेवढी मायक्रोवेव्हची शक्ती. तागडीतल्या वजनासारखा हा प्रकार.

तागडी बारीक, माल मोठा

अडचण अशी, की ही तागडी सोनाराची असते. बहुतेक सेन्सर काही मिलिवॅटच सहन करतात आणि फार तर शंभरेक मिलिवॅटला मान टाकतात. त्यावर थेट वीस वॅट सोडले, तर हजारो रुपयांचा सेन्सर क्षणात जळतो. म्हणून मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावतात. येणाऱ्या शक्तीतला ठरलेला लहानसा हिस्सा पुढे सोडणारा आणि बाकीची उष्णता करून टाकणारा हा सुटा भाग. चाळीस डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर दहा हजारांतला एक भाग पुढे सोडतो. वीस वॅटचे दोन मिलिवॅट होतात, मीटर ते दाखवतो आणि माणूस दहा हजाराने गुणतो.

इथेच बहुतेक हिशेब बिघडतात. चार गिगाहर्ट्‌झपर्यंतच्या वापरासाठी बनवलेला अ‍ॅटेन्युएटर दहा गिगाहर्ट्‌झवर ‘चाळीस’ राहीलच असे नाही. तो प्रत्यक्षात ३९ निघाला, तर वीसचे पंचवीस वॅट दिसतात. ४१ निघाला, तर सोळा. अवघ्या एका डेसिबलची ही किंमत आहे. दुसरा चोर म्हणजे केबल. आरजी-५८ ही सर्रास मिळणारी केबल २.४ गिगाहर्ट्‌झवर मीटरभर लांबीत सुमारे एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती गिळते. ही केबल अ‍ॅम्प्लिफायर आणि मीटर यांच्यामध्ये असेल आणि हिशेबात धरली नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यापेक्षा अशक्त भासतो.

तिसरा चोर दिसतच नाही. जोडावर प्रत्येक ठिकाणी थोडी लहर मागे परावर्तित होते. अ‍ॅम्प्लिफायरकडून परावर्तन, सेन्सरकडून परावर्तन, आणि दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळून कधी आकडा फुगवतात, कधी खाली ओढतात. दोन्ही बाजूंचा स्टँडिंग वेव्ह रेशो दीड असला, म्हणजे तसा वाईट नसला, तरी वाचन सुमारे आठ टक्के वर-खाली होऊ शकते. अ‍ॅटेन्युएटरची अर्धा डेसिबल, ही आठ टक्के आणि सेन्सरची स्वतःची पाच टक्के अशी अनिश्चितता एकत्र धरली, तर ढोबळमानाने पंधरा टक्के होतात. काळजीपूर्वक मोजणाऱ्यानेही मग ‘वीस वॅट, तीन वॅट इकडे-तिकडे’ एवढेच म्हणावे. ‘२०.३७ वॅट’ म्हणणाऱ्याने मीटरवरचे आकडे वाचले आहेत, शक्ती मोजलेली नाही.

यावर एक स्वस्त आणि कधीच न फसवणारी पडताळणी आहे. अ‍ॅम्प्लिफायर वीज किती खातो हे पाहायचे. २८ व्होल्टवर तीन अँपिअर घेत असेल, तर ८४ वॅट आत जातात. बाहेर त्याहून जास्त पडणे निसर्गनियमातच बसत नाही, आणि मायक्रोवेव्ह अ‍ॅम्प्लिफायरांतून सहसा निम्म्याहूनही कमी बाहेर येते. मीटर ९० वॅट दाखवत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर भारी ठरत नाही, मीटर खोटा ठरतो.

कमी दाखवणारा मीटर जास्त घातक

आकडा फुगला तर नुकसान बहुतेक वेळा अहंकाराचे आणि खिशाचे. आकडा घटला तर मात्र धोका शरीराला असतो, कारण माणूस स्वतःला सुरक्षित समजून वावरतो.

मायक्रोवेव्ह लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. त्यांच्या एका कणात रेणूचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि हीच उष्णता फिजिओथेरपीतल्या मायक्रोवेव्ह डायथर्मीत मुद्दाम वापरली जाते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीरात दोनेक सेंटिमीटर शिरतात, १० गिगाहर्ट्‌झच्या काही मिलिमीटर. उष्णता आत खोलवर निर्माण होत असल्याने त्वचेला चटका वेळेवर कळेलच असे नाही. डोळ्यातल्या भिंगाला तर रक्तपुरवठाच नसतो. तापलेला भाग थंड करायला रक्त नाही म्हणजे भिंग सगळ्यात हळवे. तीव्र मायक्रोवेव्हमुळे प्राण्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

आता आकडे पाहू. दोन गिगाहर्ट्‌झच्या वर सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला दहा वॅटची आहे. १० गिगाहर्ट्‌झला वापरली जाणारी वेव्हगाइड नावाची पोकळ नळी साधारण २३ बाय १० मिलिमीटरची असते. तिच्या उघड्या तोंडातून वीस वॅट बाहेर पडत असतील, तर तोंडाशी तीव्रता होते दर चौरस मीटरला सुमारे ८६ हजार वॅट. मर्यादेच्या आठ-नऊ हजार पट. ‘लहर येतेय का’ म्हणून त्या नळीत डोकावणारा माणूस वीस वॅटला वीसच समजत असेल, तर बहुधा डोकावणार नाही. ‘अर्धा वॅट असेल’ असे समजणारा डोकावेल. अर्ध्या वॅटलाही ते तोंड मर्यादेच्या दोनशे पटींवर असते, हे त्याला ठाऊक नसते.

हेच गणित शेजाऱ्याची भीतीही कमी करते. ७५ सेंटिमीटरच्या डिशवर पाच वॅट टाकले, तर डिशच्या तोंडाशी सरासरी तीव्रता ११ वॅटच्या आसपास, म्हणजे मर्यादेला टेकलेली. डिशसमोर उभे राहू नये हे उघडच आहे. पण वीस मीटरवर, अगदी झोताच्या मध्यावरसुद्धा, ती सुमारे ०.१८ वॅटवर उतरते. मर्यादेच्या पन्नासाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. शिवाय झोत आकाशाकडे असतो. बोलताना शक्ती सतत कमाल नसते. आणि शरीरावरचा परिणाम अर्ध्या तासाच्या सरासरीवर जोखतात. पाच वॅट हे खरोखर पाच असतील, तर समोरच्या इमारतीतल्या कुटुंबाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र ते पन्नास निघाले, तर हाच आकडा दहापट होऊन १.८ वर जातो. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आत, पण २०१२ मध्ये भारताने मोबाइल टॉवरसाठी ठरवलेल्या, या पट्ट्यात १ वॅट येणाऱ्या, दसपट कडक मर्यादेच्या बाहेर. शेजाऱ्याला ‘काळजी करू नका’ सांगण्याचा हक्क मोजणाऱ्यालाच मिळतो.

अमेरिकेत हे तत्त्व नियमातच उतरले आहे. कमी शक्तीच्या हौशी केंद्रांना पूर्वी लहरींच्या संपर्काचा हिशेब करण्यातून सूट होती. २०२१ च्या नव्या नियमांनी ती सरसकट सूट काढून घेतली आणि जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत दिली. तिथल्या छंदिष्टांनी कुरकुर केली असेल, पण दिशा योग्य होती. सूट शक्तीच्या अंदाजावर देऊ नये, हिशेबावर द्यावी.

‘छंदच तर आहे’ याला उत्तर

यावर एक आक्षेप हमखास येतो. छंदासाठी एवढा काटेकोरपणा कशाला? पलीकडच्याला ऐकू गेले, झाले काम. शिवाय प्रमाणित पॉवर मीटर लाखांत जातो, तो कोणी घ्यायचा?

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ऐकू गेले यावरून लहर पोचली एवढेच कळते. ती किती होती, किती वाया गेली, आणि डिशशेजारी कपडे वाळत घालणाऱ्या घरच्यांवर किती पडली, हे कळत नाही. दुसरा मुद्दा जास्त खरा आहे, आणि त्यावरचा उपाय एकेकट्याने मीटर विकत घेण्यात नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोवेव्हची प्रयोगशाळा असते. तिथे विद्यार्थी क्लिस्ट्रॉन किंवा गन डायोड लावून १० गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर प्रयोग करतात, तीही त्याच २३ बाय १० मिलिमीटरच्या नळीतून. ही सामग्री वर्षातले कितीतरी महिने कपाटात असते. वर्षातून दोन शनिवार ती हॅम मंडळींसाठी उघडली, तर विद्यार्थ्यांना खरे अ‍ॅम्प्लिफायर हाताळायला मिळतील आणि मंडळींना खरे आकडे. मुंबईत पवईला ‘समीर’ ही मायक्रोवेव्ह क्षेत्रातली सरकारी संशोधन संस्था आहे आणि देशाची मापनमानके दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपली जातात. प्रत्येक क्लबने एकच सेन्सर आणि एकच अ‍ॅटेन्युएटर प्रमाणित करून आणला आणि बाकीच्यांनी आपली उपकरणे त्याच्याशी ताडून पाहिली, तरी फार मोठा पल्ला गाठता येईल.

तोवर काही गोष्टी फुकट आहेत. सुरुवात सर्वांत कमी शक्तीने करावी. अ‍ॅटेन्युएटर किती वॅट सोसतो हे आधी पाहावे. शक्ती चालू असताना कोणताही जोड सोडू नये. उघड्या वेव्हगाइडकडे कधीच पाहू नये, यंत्र बंद आहे अशी खात्री वाटत असली तरीही. आणि वहीत फक्त ‘२० वॅट’ न लिहिता कशाने मोजले, कोणत्या जोडावर, कोणत्या तारखेला आणि किती चूक संभवते, हे लिहावे. किराणा दुकानातला वजनकाटाही दरवर्षी किंवा ठरावीक मुदतीने तपासून शिक्का घेतो. अर्धा किलो साखरेला जो नियम लागू, तो डोळ्यांसमोरच्या मायक्रोवेव्हला का नसावा?

हॅम रेडिओची मंडळी स्वतःच्या हाताने यंत्र बनवतात, चुकतात, शिकतात. त्यांच्याकडून समाजाने शिकावे असे बरेच आहे. लहरींबद्दलच्या भीतीच्या आणि बेफिकिरीच्या गदारोळात ‘मी मोजले, एवढे निघाले, आणि एवढी चूक असू शकते’ असे शांतपणे सांगणारी माणसे हवी आहेत. ती गच्चीवर डिश लावणाऱ्यांमधून यावीत, यापेक्षा चांगले काय? त्यासाठी डबीवरचा ‘८ वॅट’ न वाचता आधी अ‍ॅटेन्युएटर जोडावा लागेल.